अण्णा, टिप्या आणि माझा दीड मिनिटाचा फोन

सातारकरीण | ११ जून, रात्री ११:४०

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज बसलेच.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, ७६ वर्षांचे आहेत. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमचं जुनं बैठं घर आहे. पुढे पडवी, मागे परसात आईच्या हातची जास्वंद आणि कढीपत्ता. आईला जाऊन चार वर्षं झाली. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, बँकेत चालत जातात. सोबतीला टिप्या. गावठी, तांबूस, एक कान कायमचा मोडलेला, वय बारा. भर पावसात गटाराच्या पाइपातून आईने त्याला काढून आणलं, तेव्हा अण्णांनी आठ दिवस अबोला धरला होता. "कुत्रं अंगणात ठेवायचं, उंबऱ्याच्या आत पाऊल नको." आता तो त्यांच्या खाटेखाली झोपतो आणि अण्णा रात्री उठताना पाय त्याच्यावर पडू नये म्हणून आधी बॅटरी मारून बघतात.

मार्चमध्ये अण्णा न्हाणीघरात घसरले. मोडलं काही नाही, पण मला ते शेजारच्या काकूंकडून तीन दिवसांनी कळलं. तेव्हापासून मागे लागलेय की पुण्याला या. उत्तर ठरलेलं: "टिप्या आहे तोवर नाही." मग त्यालाही आणा म्हटलं, तर आमच्या सोसायटीच्या नियमावलीत 'कुत्री पाळण्यास मनाई' असं छापलंय. टिप्याचे मागचे पाय आता धरतात. तिसऱ्या मजल्यावर तो कसा राहणार?

आणि खरं सांगायचं तर मला त्या कुत्र्याचा हेवा वाटतो. हसा खुशाल. मी रोज फोन करते. "बरं आहे. जेवलो. पाऊस नाही. ठेवतो." दीड मिनिट, मी मोजलंय. काकू सांगतात की संध्याकाळी अण्णा पडवीत बसून टिप्याशी तासभर बोलत असतात. तासभर! माझ्याशी ते उभ्या जन्मात एवढं बोलले नाहीत.

म्हातारं कुत्रं नव्या जागी रुळतं का? सोसायटीचं काय करायचं? की माझंच चुकतंय?

मनीमाऊची_आई | १२ जून, सकाळी ७:१५

हेवा वाटतो हे कबूल केलंस म्हणून आधी मिठी. आमच्याकडेही तेच आहे, फक्त मांजर आहे आणि सासूबाई आहेत. त्यांना अल्झायमर. माझं नाव गेलं, मुलाचं गेलं, गेल्या दिवाळीपासून मी 'अहो बाई' झालेय. पण मांजर मांडीवर आलं की "मने, आलीस का गं" म्हणतात. आमच्या मांजराचं नाव मनी नाहीच, तो बोका आहे. मनी त्यांच्या माहेरी, राजापूरला, लहानपणी होती. बोक्याची काही हरकत दिसत नाही.

कोथरूडचा_सेक्रेटरी | १२ जून, सकाळी ९:०२

नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.

तुमच्या नियमावलीतली ती ओळ टिकणार नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. कुत्र्याच्या आकारावरून भेद करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. वर घटनेचं कलम ५१-अ (छ) आहे, प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य.

पण हे कागद घेऊन थेट सभेत जाऊ नका. कायद्याने जिंकलात तरी लिफ्टमध्ये रोज तीच तोंडं भेटणार आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या आठ कुत्र्याबद्दल नसतात, लिफ्टमधल्या मुताबद्दल आणि जिन्यातल्या केसांबद्दल असतात. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढा, रेबीजच्या लसीच्या नोंदीची प्रत सेक्रेटरीला आधीच द्या. शेजारच्या दोन्ही दारांवर जाऊन सांगा की वडील येताहेत, बरोबर म्हातारं कुत्रं आहे. 'वडील' हा शब्द आधी.

नास्तिक_नाना | १२ जून, सकाळी १०:३०

कुत्र्याला भाकरी कळते, बाकी सगळं आपण चिकटवतो. अण्णांना बोलायला कोणीतरी हवं आहे आणि जो उलट बोलत नाही तो सगळ्यात सोयीचा. यात बंध वगैरे काय आहे? आमच्या वाड्यात एक काका रेडिओशी बोलायचे.

राईनकाठी | १२ जून, दुपारी २:१०

नाना, रेडिओ दारात येऊन वाट बघत नाही.

२०१५ साली जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या लोकांनी एक प्रयोग केला होता. मालक आणि कुत्रा यांना अर्धा तास एका खोलीत ठेवलं, आधी आणि नंतर दोघांच्याही लघवीची तपासणी केली. जी कुत्री मालकाच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत होती त्यांच्यात आणि त्यांच्या मालकांतही ऑक्सिटोसिन (जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं संप्रेरक) वाढलेलं आढळलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत जे होतं तसंच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांबरोबर तोच प्रयोग केला, तिथे असं काही झालं नाही.

नास्तिक_नाना | १२ जून, दुपारी २:२५

ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम हे कोणी ठरवलं? लघवीत मोजता येतं म्हणून? (हलके घ्या.)

फ्लॅट_४०२ | १२ जून, रात्री ८:४५

धाग्याचा सूर बघता इथे दगड पडणार हे माहीत आहे, तरी लिहितो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला खालच्या मजल्यावरच्या 'काही करत नाही हो तो' कुत्र्याने पोटरीला धरलं. पाळीव, पट्टा घातलेला, मालक शेजारी उभा. इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण ती आजही जिन्यात एकटी जात नाही. तिच्यासाठी आम्ही रोज लिफ्टच्या आधी खाली वाकून बघतो. त्या मालकांनी एकदाही दार वाजवून विचारलं नाही, 'पोर कशी आहे?'

सेक्रेटरीसाहेब, कलम ५१-अ ठीक आहे. पण प्राण्यावर प्रेम करणाऱ्याला बऱ्याचदा शेजारचं माणूस दिसतच नाही, असा माझा अनुभव आहे. सातारकरीण, तुमच्या वडिलांबद्दल काही म्हणणं नाही.

गोचीडवाले_डॉक्टर | १२ जून, रात्री १०:२०

४०२, दगड अजिबात नाही. मी पशुवैद्य आहे आणि 'काही करत नाही हो' हे वाक्य मी दवाखान्यात दिवसातून चार वेळा ऐकतो, त्यातल्या एखाद्या वेळी हातात दात रुतलेले असताना. कुत्र्याचा मालक दार वाजवत नाही, ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: कुत्रं, मांजर, माकड, कोणीही चावलं किंवा ओरखडलं की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. 'पाळलेलं आहे, बघू दोन दिवस' असं करत बसायचं नाही. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार केव्हाच बंद झाला, आता दंडात चार-पाच असतात, आणि जखम खोल असेल तर जखमेच्या भोवती वेगळं औषध भरतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळपास कोणीच वाचत नाही, म्हणून हा आगाऊपणा.

आता टिप्या. बारा वर्षांचा गावठी म्हणजे म्हातारा, पण गावठी हाडाची असतात, पंधरा काढलेली मी पाहिली आहेत.

मागचे पाय धरतात ते बहुतेक सांध्यांचं दुखणं. फ्लॅटमध्ये त्याचा मोठा शत्रू जिना नाही, चकचकीत टाइल्स आहेत. पाय फाकतात, एकदा घसरला की तो उठायलाच घाबरतो. अण्णांची खोली, पाण्याचं भांडं आणि दार या वाटेवर रबरी पट्ट्या किंवा जुन्या योगा मॅट टाका. तळव्यांमधले केस आणि नखं कापून घ्या. (त्याच मॅटवर अण्णाही घसरणार नाहीत, हे त्यांना सांगू नका.)

घरातली दुखण्याची गोळी त्याला देऊ नका. माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी पुरते मरायला. अवांतर: गुरांना डायक्लोफिनॅक टोचायचे, ती मेली की गिधाडं ती खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. आपल्याकडची गिधाडं अशी संपत आली. गुरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद केलं. तर औषधाच्या डब्याला हात लावायच्या आधी फोन करा.

आमटीतला कांदा, मनुका, बेदाणे बंद. रक्ततपासणी करून घ्या, मूत्रपिंड आणि गोचीड-ताप दोन्हीसाठी. साताऱ्याकडची परसातली कुत्री म्हणजे गोचीड असणारच. कधी नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी न्या.

आणि तो ज्यावर झोपतो ते गोणपाट बरोबर आणा. धुऊ नका. कितीही वास आला तरी धुऊ नका. नव्या घरात ओळखीचं असं त्याच्याकडे तेवढंच असेल.

सातारकरीण | १३ जून, सकाळी ६:५०

डॉक्टर, तुमचं प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. ४०२, मुलीचं वाचून वाईट वाटलं. टिप्या आला तर आधी तुमच्यासारख्या दारांवर जाईन.

त्याचं गोणपाट म्हणजे खरंच गोणपाट नाही. आईचं जुनं नऊवारी आहे, चौपदरी केलेलं. मी ते दोनदा टाकायला निघाले होते.

वऱ्हाडी_ठसका | १३ जून, दुपारी १२:३०

शहरातल्या लोकांनी कुत्र्या-मांजरावर लिहिलं, मी बैलावर लिहितो. पाळीव म्हणावं का नाही ते तुम्ही ठरवा.

आमच्या आबाजीकडे शेवटची जोडी होती. ट्रॅक्टर आला, चारा महागला, बापाने बाजार ठरवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात, आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या वर्षी आबाजीने दोघांच्याही कानात ते म्हटलं आणि तिथंच खाली बसला. पोळा झाला, पुरणपोळी झाली, पुढच्या बाजाराला जोडी गेली. दावं आम्ही परत आणतो, जनावराबरोबर देत नाही. ते दावं आबाजीने खुंटीला टांगलं.

त्यानंतर पहाटे चारला उठून रिकाम्या गोठ्यात जायचा. शेण नाही, चारा नाही, तरी झाडायचा. आजी ओरडायची. बाप काही बोलायचा नाही, कारण विकले त्यानेच होते. नाना, तुमच्या रेडिओवाल्या काकांचा रेडिओ कोणी विकला असता तर त्यांनी काय झाडलं असतं?

नास्तिक_नाना | १३ जून, दुपारी १२:५०

मी गप्प.

वेण्णाकाठ | १३ जून, रात्री ९:३०

साताऱ्याचा विषय आणि खंड्याचं नाव कोणी काढलं नाही?

संगम माहुली साताऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर. तिथे थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी आहे, वर दगडी कुत्रा बसवलेला. शिकारीत वाघ महाराजांवर चालून आला तेव्हा या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला असं सांगतात. महाराजांनी मग त्याला पालखीचा मान दिला, जहागिरीची सनद काढली. एकदा भर दरबारात एका सरदाराची भेट घ्यायची होती, तर कुत्र्याला जरीचा पोशाख आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. हे साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या इतिहासात लिहिलंय. त्याने अर्थातच याला राजाची लहर म्हटलंय.

मला ती लहर वाटत नाही. हा माणूस लहानपणी आईसह औरंगजेबाच्या छावणीत गेला तो १६८९ मध्ये आणि सुटला १७०७ मध्ये, औरंगजेब मेल्यावर. अठरा वर्षं. परत आला तर घरच्यांशीच लढाई. दरबारात कोण आपलं आणि कोण नाही हे आयुष्यभर मोजत बसावं लागलेल्या माणसाने ज्याच्याबद्दल शंका नाही त्याला पगडी घातली, यात वेड कुठे आहे?

(हा रायगडावरच्या वाघ्याचा विषय नव्हे. तो वाद इथे आणू नका, धागा बंद पडेल.)

कोथरूडचा_सेक्रेटरी | १३ जून, रात्री ९:४२

शेवटच्या कंसाला +१००.

फ्लॅट_४०२ | १४ जून, सकाळी ८:१०

पालखीतून नेला म्हणजे लिफ्टचा प्रश्न नव्हता. :)

राईनकाठी | १४ जून, दुपारी ४:००

'रुळतं का' याबद्दल माझा अनुभव. नवऱ्याची बदली ड्युसेलडॉर्फला झाली तेव्हा आमची जिमी नाशिकला सासरी होती, सात वर्षांची. भारतातून कुत्रं युरोपात न्यायचं तर आधी चिप, मग रेबीजची लस, मग कमीत कमी तीस दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. प्रतिपिंडं ठरलेल्या पातळीच्या वर आली की रक्त काढल्याच्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. कागद, विमान सगळं धरून आम्हाला साडेपाच महिने लागले.

तेवढे महिने आम्ही व्हिडिओ कॉल करायचो. पहिल्यांदा माझा आवाज ऐकून ती फोनच्या मागे जाऊन बघायची. मग सासूबाईंच्या खोलीत, मग दाराबाहेर. तिसऱ्या आठवड्यात तिने फोनकडे बघणंच सोडलं, आवाज आला की उठून दुसऱ्या खोलीत जायची. मी कॉल बंद केले. तिला चुकून फसवत होते असं वाटायला लागलं.

इथे आल्यावर दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या बुटात तोंड घालून झोपली. मग झाली इथली. आता शहराला तिच्यापोटी कुत्र्याचा करसुद्धा भरतो, म्हणजे घरात आम्हा दोघांसारखीच तीही करदाती. पण ती सात वर्षांची होती. बाराव्या वर्षी मी हलवली असती का? माहीत नाही गं. तू अण्णांना हलवण्याआधी एकदा त्या घरात आठ-दहा दिवस राहून का बघत नाहीस?

मनीमाऊची_आई | १४ जून, दुपारी ४:२०

हेच लिहायला आले होते. तू जा.

दारातलं_कुत्रं | १५ जून, रात्री ११:५५

वर्षानुवर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला प्रतिसाद. वडिलांना घेऊन आलो आणि कुत्रा गावी 'कोणीतरी भाकरी टाकेल' म्हणून ठेवला. भाकरी टाकणारे होते. तो भाकरीपाशी थांबायचाच नाही, एसटीच्या फाट्यावर जाऊन बसायचा. पावसाळ्यात एका ट्रकखाली गेला. वडिलांना मी 'आजारी होऊन गेला' सांगितलं. त्यांना खरं माहीत आहे असा मला संशय आहे, कारण त्यांनी कधी विचारलं नाही, कोणता आजार.

कुत्रं सोडून देणं हा प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे हे मला नंतर कळलं. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. वाचून मला हसू आलं आणि मग नाही आलं.

सातारकरीण | २ जुलै, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. जवळजवळ दोन आठवडे साताऱ्यात होते. ऑफिसला घरून काम करते म्हटलं, मुलाला नवऱ्यावर सोपवलं.

पहिले तीन दिवस अण्णांनी मला पाहुण्यासारखं वागवलं. "तू बस, मी करतो." टिप्याही तसाच. येऊन हुंगला, ओळख दिली आणि परत खाटेखाली. दिनक्रम मात्र बघण्यासारखा. साडेपाचला टिप्या खाटेच्या पायाला नाक घासतो, अण्णा उठतात. अंगणात चार फेऱ्या, टिप्याला झेपतील तेवढ्याच. म्हणजे अण्णा त्याच्या पायांनी चालतात. साडेनऊला भाकरी: अर्धी त्यांची, अर्धी त्याची, त्याच्या अर्ध्या भाकरीवर दूध. दुपारी दोघंही झोपतात, दोघंही घोरतात. अण्णा जेवायला विसरले तर टिप्या चुलीपाशी जाऊन बसतो. चूल म्हणजे गॅसच, पण अण्णा चूल म्हणतात.

सहाव्या का सातव्या दिवशी संध्याकाळी मी आत ओट्यापाशी भाजी निवडत होते. अण्णा पडवीत. मी घरात आहे हे बहुतेक विसरले असावेत. नेहमीसारखं चालू होतं: पेन्शन जमा झाली, नळाला पाणी कमी येतंय, समोरच्याने गाडी परत आडवी लावली. मला हसू येत होतं. मग म्हणाले,

"आज परत गरगरलं बघ, टिप्या. देवळापाशी. भिंत धरली म्हणून बरं. पोरीला सांगू नको."

मेथीची जुडी हातात तशीच राहिली. 'परत' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी काही कळू न देता डॉक्टरांकडे नेलं, माझ्याच तपासणीला जायचंय म्हणून. बसल्यावर एक रक्तदाब, उभं राहिल्यावर भलताच खाली. ज्या गोळ्या चालू होत्या त्यातली एक जास्त होत होती, ती अर्धी केली. न्हाणीघरातलं घसरणंही त्यातलंच असणार, डॉक्टर म्हणाले. म्हणजे मार्चपासून ही गोष्ट त्या घरात एकाला माहीत होती आणि तो कुत्रा होता.

मला राग आला होता, खोटं नाही सांगत. रात्री म्हटलं, "अण्णा, मला का नाही सांगितलं?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुला सांगितलं की तू घाबरतेस. मग तुला समजवायचं. मग माझंच राहून जातं." आणि टिप्याकडे बोट करून, "हा घाबरत नाही."

नास्तिक_नाना | २ जुलै, रात्री १०:४०

मी १२ जूनला लिहिलं होतं 'जो उलट बोलत नाही तो सोयीचा'. ते मागे घेत नाही, पण लिहिताना ते जेवढं हलकं वाटलं होतं तेवढं ते नव्हतं.

गोचीडवाले_डॉक्टर | ३ जुलै, सकाळी ७:३०

अण्णांच्या गोळीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. टिप्याचे रिपोर्ट काय आले?

सातारकरीण | ३ जुलै, सकाळी ९:००

मूत्रपिंड वयाच्या मानाने ठीक. गोचीड-ताप निघाला, औषध चालू केलंय. सांध्यांसाठी वेगळी गोळी आहे, पेढ्यात घालून द्यायचा प्रयत्न केला. पेढा खातो, गोळी बाजूला ठेवतो. साताऱ्याचा कुत्रा आहे, कंदी पेढ्यातलं बरंवाईट त्याला कळतं.

कोथरूडचा_सेक्रेटरी | ३ जुलै, सकाळी ११:२०

मग पुण्याचं काय ठरलं? सभेसाठी मसुदा लिहून ठेवला होता मी.

सातारकरीण | १९ ऑगस्ट, रात्री ९:५०

साहेब, मसुदा जपून ठेवा, कधीतरी लागेल. जुलैच्या शेवटी दोघांना दहा दिवसांसाठी आणून बघितलं. शेजारच्या दोन्ही दारांवर आधी गेले. मॅट टाकल्या, नऊवारी न धुता आणलं. खंबाटकी घाटात टिप्याने एकदा ओकलं, बाकी प्रवास नीट झाला. शेजाऱ्यांनी काही कुरकुर केली नाही. लिफ्टला मात्र टिप्या जाम घाबरला, चार पाय रोवून उभा. मग अण्णा त्याच्याबरोबर तीन मजले जिन्याने, एकेका पायरीवर थांबत. शहात्तर आणि बारा. तिसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधला चौथीतला मुलगा त्यांच्याबरोबर उतरायला लागला, पायऱ्या मोजत.

पण अण्णा संध्याकाळी बोलेनात. बाल्कनीत बसायचे, टिप्या पायाशी, दोघंही गप्प. मी विचारलं तर म्हणाले, "इथं भिंती पातळ आहेत." दहाव्या दिवशी मीच दोघांना परत सोडून आले.

आता न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्यात, काकूंची भाची सकाळी दोन तास येते, मी महिन्यातून दोन शनिवार-रविवार जाते. हे कायमचं नाही हे मला कळतं. टिप्या गेल्यावर काय, हा प्रश्न मी आणि अण्णा दोघंही टाळतो.

दारातलं_कुत्रं | १९ ऑगस्ट, रात्री १०:३०

टाळा. चालतं.

मनीमाऊची_आई | २० ऑगस्ट, सकाळी ७:००

आणि फोन? दीड मिनिटच?

सातारकरीण | २० ऑगस्ट, सकाळी ७:४०

नाही गं. साताऱ्याहून निघताना अण्णांना स्पीकर कुठे असतो ते दाखवून आले होते. मी रोज सहाला फोन करते, पडवीची वेळ. फोन कठड्यावर ठेवायचा, टिप्यापाशी. मग मी टिप्याला विचारते, "काय रे, अण्णांनी गोळी घेतली का?"

मागून अण्णा म्हणतात, "घेतली म्हणावं."

"गरगरलं का आज?"

"नाही म्हणावं. काल जरासं. ते कपबशी उचलायला वाकलो होतो म्हणून, तिला सांग."

काल बावीस मिनिटं झाली.